चावीचं डोकं

"सुदाम, खरं सांग. हे तूच केलंस ना?"

मी कमरेवर हात ठेवून उभी, आणि सुदाम मिस्त्री आमच्या इंजिनाच्या मोठ्या चाकापुढे उकिडवा बसलेला. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात लोखंडी पाचर. पण ती पाचर जिथे मारायची, ती जागाच शिल्लक नव्हती. त्यानं शाफ्टच्या टोकावरचं ग्रीस बोटानं निपटून काढलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, मी कशाला असं करीन?"

"मग काय उंदरांनी कुरतडलं?" मी म्हटलं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पेणच्या अलीकडे दोन मैलांवर आमची पोह्यांची गिरणी होती. दसरा होऊन चार दिवस झाले होते, इंजिनाला घातलेली झेंडूची माळ अजून सुकत लोंबत होती, आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही असे दिवस. गावोगावचे लोक भात घेऊन दारात बसलेले, भट्टी पेटलेली, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन खडखडायला लागलं. आवाज ऐकताच मी सांगितलं, बेअरिंग गेलं. सुदामनं येऊन कान लावला आणि तोही तेच म्हणाला, तेव्हा मी चारचौघांकडे जरा ऐटीतच पाहिलं होतं.

बेअरिंग बदलायचं तर आधी मोठं चाक काढायला हवं, आणि चाक काढायचं तर आधी चावी. आता ही चावी म्हणजे कुलपाची नव्हे. बिडाचं ते दणकट चाक शाफ्टवर नुसतं चढवून ठेवलं, तर शाफ्ट फिरेल आणि चाक जागच्या जागी हसत बसेल. म्हणून शाफ्टला एक लांब खाच पाडलेली असते, चाकाच्या भोकालाही तशीच. दोन्ही खाचा समोरासमोर आणायच्या आणि मधे पोलादाची चौकोनी, किंचित निमुळती पट्टी ठोकून घट्ट बसवायची. अर्धी शाफ्टात, अर्धी चाकात. मग दोघांची काय बिशाद वेगवेगळं फिरायची. त्या पट्टीला चावी म्हणतात. तिच्या जाड टोकाला अंगठ्याएवढं डोकं असतं आणि ते चाकाच्या बाहेर राहतं. चावी काढायची वेळ आली की डोकं आणि चाक यांच्या फटीत पाचर मारायची, चावी सुळकन बाहेर येते.

आमच्या चावीचं ते डोकं कुणीतरी करवतीनं कापलं होतं. वर कानस मारून जागा गुळगुळीत केली होती आणि दिसू नये म्हणून ग्रीस थापलं होतं. मागच्या बाजूनं ठोकून काढावी, तर तिकडे इंजिनाचं अंग, बोटसुद्धा जाईना. म्हणजे आत घातलेली चावी बाहेर काढायला वाटच उरली नव्हती.

मी सुदामवर घसरले याला कारण होतं. त्याचे गुरू धाकू मिस्त्री पेणला असत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येकाकडे स्वतःचा एक पंच, म्हणजे ठसा उमटवायची छिन्नी, असायचा; गुरूनं तो परत घेतला की त्याची मिस्त्रीकी संपली. चावी बसवली की तिच्या डोक्यावर पंचानं आपली खूण मारायची, म्हणजे उद्या चाक ढिलं झालं तर कुणाला धरायचं ते कळावं. सुदामची खूण होती तीन ठिपके. दोन वर्षांपूर्वी आमची चावी त्यानंच बसवली होती आणि ते तीन ठिपके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. आता डोकंही नाही आणि ठिपकेही नाहीत. खूण पुसायची कुणाला गरज? ज्याचं काम कच्चं त्याला. मला तर हिशेब अगदी सरळ वाटला.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी आधीच सांगून टाकते. दुपार व्हायच्या आत मी तो हिशेब दारात भात घेऊन बसलेल्या सगळ्यांना समजावून दिला होता. शिवाय पेणला निघालेल्या एका सायकलवाल्याबरोबर धाकू मिस्त्रींना निरोप धाडला, की तुमच्या पठ्ठ्यानं स्वतःची खूण कापून टाकली आहे, येऊन बघा.  सुदामनं हातानं फिरवायचं गिरमिट काढलं आणि त्या चावीच्या पोटात भोकं पाडायला बसला. पोलादात हातानं भोक पाडायचं म्हणजे दिवसभर घाम गाळायचा आणि बोटभर आत जायचं. मी चहा पाठवला तो त्यानं तसाच परत पाठवला. मला त्याचाही राग आला. चोर तो चोर, वर रुसतो कसला, असं मी मोठ्यानं म्हटलं.

एवढा आटापिटा मी का करत होते, तेही सांगायला हवं. ते इंजिन माझं होतं. म्हणजे कागदावर गिरणी सासूबाईंची, सासऱ्यांनी उभी केलेली. पण इंजिन चालवायची मी. पूर्वी ते धाकटे दीर बघायचे. ते मुंबईला गोदीत लागले तेव्हा आमचे हे पोहे चेपायच्या चक्रीवर अडकलेले, आणि इंजिनावर माणूस मिळेना. एका सकाळी मी पदर खोचला, हँडल मारलं, आणि तिसऱ्या फेरीला इंजिन धडधडायला लागलं. पंचक्रोशीत इंजिन चालवणारी दुसरी बाई नव्हती. लोक भात घेऊन यायचे ते अर्धे पोह्यांसाठी आणि अर्धे मला बघायला. पाणी किती, तेल किती, आवाज कुठे बिघडला, सगळं मला कळायचं. चुलीपुढे मी कधी एवढी सुखी नव्हते.

सासूबाईंना ते पसंत नव्हतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, त्यांची ती रीतच नव्हती. त्यांनी मला समोर बसवून एकच सांगितलं होतं. "कर. पण इंजिनावर तुला एकदा जरी काही झालं, साधं खरचटलं जरी, तर त्या दिवसापासून तू घरात. मग माझ्याशी वाद घालायचा नाही." मी कबूल झाले होते. सासूबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी बोटाला चटका बसला तरी तो तव्याचा म्हणून सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीही सुदामचं गिरमिट चाललंच होतं. आमचे हे त्याच्या आसपास घुटमळत होते. कधी पाणी द्यायचे, कधी गिरमिट धरायचे, कधी नुसतेच बघत उभे राहायचे. खरं तर इकडे वर्षभर ते इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकत नसत. हाक मारली तर दारातूनच विचारायचे, काय हवं? मी त्याला आळस म्हणायची, तेही चारचौघांत. आता हे एकदम मिस्त्रीच्या सेवेला लागलेले पाहून मला गंमत वाटली. म्हटलं, मनाचे मऊ आहेत, चोराचीही दया येते.

दुपारी भट्टी निवायला ठेवली होती. हे मला म्हणाले, "जरा मागे ये." भाताच्या कणग्यांमागे नेऊन उभं केलं.

"इंदू, ते डोकं मी कापलं."

मला आधी कळेचना. "कुठलं डोकं?"

"चावीचं. गेल्या वर्षी. तू माहेरी गेली होतीस त्या रविवारी."

मी म्हटलं, तुम्हाला वेड लागलंय का? चांगल्या चावीचं डोकं कुणी कापतं का? तेव्हा ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. हा माणूस चार दिवसांत बोलणार नाही इतकं एका दमात बोलला. गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी मी इंजिन बंद केलं होतं. तेल तोडलं तरी मोठं चाक काही लगेच थांबत नाही, आपल्या तालात फिरत राहतं. मी पाण्याचा नळ बंद करायला वाकले. खोचलेला पदर सुटला होता. चावीचं ते डोकं चाकाबरोबर गरगर फिरत होतं, त्यात पदराचं टोक सापडलं आणि शाफ्टवर गुंडाळायला लागलं. हे दारात उभे होते. ओरडायला तोंड उघडलं पण आवाज फुटला नाही, पाय हलले नाहीत. तेवढ्यात पदर फाटला. लुगडं जुनं होतं, विरलेलं, म्हणून फाटला. मी नळ बंद केला, उठले आणि काहीतरी गुणगुणत बाहेर गेले.

मला ती संध्याकाळ आठवली. फाटलेला पदर घरी गेल्यावर दिसला होता, आणि मी दाराच्या खिळ्याला शिव्या दिल्या होत्या.

"नवं लुगडं असतं तर," हे म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत.

 मी तिथेच पोत्यावर बसले. मग नेहमीप्रमाणे मला राग आला. म्हटलं, तेव्हाच सांगायला काय झालं होतं? मला सांगायचं, मी पदर नीट खोचला असता. चोरून करवत कसली चालवता?

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तूच सगळ्या गावाला हसत हसत सांगितलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतं का? आणि ते आईच्या कानावर गेलं असतं, मग तू इंजिनावरून उतरलीच असतीस."

ते खरं होतं.

ह्यांनी मनाशी ठरवलं होतं. धाकू मिस्त्री आले की आपणच कापलं एवढं सांगायचं, का ते सांगायचं नाही. माझं नाव त्यात येणार नाही. मी मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी मला सुदामची आठवणसुद्धा झाली नाही. आपलं इंजिन राहतंय ना, एवढंच माझ्या मनात होतं.

धाकू मिस्त्री तिसऱ्या प्रहरी आले. सत्तरीचा, वाळका, पांढरी टोपी घातलेला माणूस. आल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. वाकून चावी पाहिली, चष्मा काढून पाहिली, कापलेल्या जागेवरून नख फिरवलं. भात घेऊन आलेली आठदहा माणसं दारात गोळा झाली होती. सासूबाई आवाज ऐकून मागच्या दारानं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सुदाम, पंच दे," धाकू मिस्त्री म्हणाले.

सुदाम उठला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. नागोठण्याला धाकू मिस्त्री नवं दुकान काढणार होते आणि ते सुदामच्या हाती देणार होते, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्याच्या बायकोला सहावा महिना होता. त्यानं पिशवीत हात घातला, पंच काढला आणि गुरूच्या हातावर ठेवला. मी नाही केलं, एवढंच म्हणाला, तेही फार हळू.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. "मिस्त्री, त्याचा काही दोष नाही. डोकं मी कापलं."

धाकू मिस्त्रींनी ह्यांच्याकडे पाहिलं. "का कापलंत?"

हे गप्प. दारातली माणसं वाट बघत होती. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं, हे पुन्हा गप्प. शेवटी म्हातारा समजुतीनं हसला आणि म्हणाला, "मोरूभाऊ, तुमचं मन मोठं आहे. पण माझ्या माणसाला असं पाठीशी घालू नका. चावीचं डोकं कारणाशिवाय कुणी कापत नाही. तुमच्यापाशी कारण नाही, त्याच्यापाशी आहे." एवढं बोलून त्यांनी पंच आपल्या खिशात टाकला. सुदाम आपली हत्यारं गोळा करायला लागला. एकेक छिन्नी फडक्यात गुंडाळत होता आणि मान वर करत नव्हता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. मी गप्प राहिले असते तर त्यांनी मला जन्मभर एका शब्दानं विचारलं नसतं. इंजिन माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, त्याच्या तेलाचा वास येत होता. कापल्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि ते सांगितलं की हे सगळं संपणार होतं. आणि ज्याला मी दोन दिवस चोर म्हणत होते तो माणूस माझ्यासमोर छिन्न्या गुंडाळत होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात पूर्वी कधी वाटली नव्हती.

"कारण आहे," मी म्हटलं. "माझा पदर त्यात अडकला होता. थोडक्यात वाचले. परत तसं होऊ नये म्हणून ह्यांनी डोकं कापलं. सुदामनं काहीसुद्धा केलेलं नाही, मी त्याला उगाच बदनाम केलं."

 धाकू मिस्त्री पुन्हा वाकले, शाफ्टचं टोक आणि पाण्याचा नळ यांच्यामधलं अंतर वितीनं मोजलं. मग उठले, खिशातून पंच काढला आणि सुदामच्या हातात दिला. देताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं चुकलं म्हणाले. सुदामला रडू आलं. मीही त्याच्यापुढे हात जोडले, तर तो बिचारा आणखीनच ओशाळला.

पण माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं. सासूबाई दोन पावलं पुढे आल्या.

"इंदू, घरात चल," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, जेवायला चल म्हणाव्यात तसा.

मी कबूल झालेली होते, वाद घालायचा नाही असंही ठरलेलं होतं. हात फडक्याला पुसले. इंजिनाकडे बघितलं असतं तर तिथेच हंबरडा फुटला असता, म्हणून खाली बघत दाराकडे निघाले. 

"आई, थांब," हे म्हणाले.

ह्यांनी आईला थांब म्हटल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही फारसं नाही.

"ती घरात आली तर इंजिन बंद पडेल. मला ते चालू करता येत नाही. त्या संध्याकाळपासून मी हँडलला हात लावलेला नाही. दोनदा प्रयत्न केला, दारातूनच परत फिरलो. मला भीती वाटते, आई. ते फिरायला लागलं की मला तो पदरच दिसतो."

भर गावासमोर, आपल्याहून लहान माणसांसमोर, हे बोलले. दारातला एकजण हसू दाबत होता, त्याच्याकडे धाकू मिस्त्रींनी असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. वर्षभर मी ह्या माणसाला आळशी म्हटलं होतं, आणि त्यानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. मला पुढे जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला. त्या काळी चारचौघांत तसं करत नसत, म्हणून मी नुसती उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"ती घाबरली नाही," हे म्हणाले. "तिला कळलंही नव्हतं. आता कळलंय, तर दसपट जपेल. पण मी नाही चालवू शकत."

सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या.  मग त्या माझ्या बाजूनं पुढे गेल्या, इंजिनाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. सासरे गेल्यापासून त्या त्या खोलीत दसऱ्याच्या पूजेखेरीज आल्या नव्हत्या. त्यांनी कापलेल्या चावीला बोट लावलं.

"मिस्त्री, नवी चावी डोक्याची बसवणार ना?"

"डोक्याचीच बसवावी लागेल, बाई," धाकू मिस्त्री म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी परत हाच खेळ. पण चाकाभोवती लोखंडी जाळी करता येईल. चांगली मजबूत. बाजूनं कपडा काय, बोटही आत जाणार नाही."

"आणि जाळी लावल्यावर तेल कसं घालायचं?"

"वरून. जाळीवरून हात आत जाईल अशा बेतानं उंची ठेवायची. माणसाच्या मापाची करतो. मोरूभाऊ, जरा इथे उभे राहा बरं."

मिस्त्रींनी खिशातून मोजपट्टी काढली. हे निमूटपणे इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले. मिस्त्री त्यांच्या खांद्याला पट्टी लावणार तेवढ्यात सासूबाईंनी मधे हात घातला.

"त्याचं नको," त्या म्हणाल्या. "तिचं घ्या."